ठकूआजीनं डोंगर उलटा केला

फार फार वर्षांपूर्वी, कुडवलीच्या डोंगराला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे झाडपाल्याचं औषध देणारी ठकूआजी राहायची. तिच्या हाताला गुण होता आणि तोंडाला लगाम नव्हता, असं म्हणतात.

श्रावणात डोंगर पांढऱ्या-पिवळ्या-तांबड्या फुलांनी भरायचा. काही फुलं सकाळी उमलून संध्याकाळी मिटायची. गाव म्हणायचं, "एकजात सगळी सारखीच की!"

झालं! आजीचं डोकं तापायचं. "अरे मेल्यांनो, ही शतावरी फोडशीच्या भावकीतली. त्या कळलावीचं घरच निराळं. आणि हा कोळकांदा! हाही फोडशीचाच भाऊबंद. पण फोडशीची भाजी होते, आणि हा जीव घेतो. भावकी एक म्हणून एका कढईत घालाल? मूळ बघा, मूळ! फोडशीला खाली बोटं असतात, याला कांदा!"

पण ऐकतंय कोण? आजी रोजच ओरडायची. बायका मान डोलवायच्या आणि विळ्यानं नुसता वरचा पाला कापून न्यायच्या.

एका वर्षी गावदेवीच्या जेवणाला फोडशीची भाजी शिजली. आजी पोचली तेव्हा पंगत नुकतीच बसली होती. चुलीपाशी उरलेला पाला तिनं सहज चुरगळला, तर हाताला खाज सुटली. फोडशी कधी खाजत नाही. कोळकांदा!

समोर तिची नात बायजा घास उचलत होती.

"टाक तो! टाक आधी!"

"आजी, तू तर रोजच ओरडतेस," बायजा म्हणाली, आणि तिनं घास तोंडाशी नेला.

"अगं, आता काय डोंगर उलटा करून दाखवू?" आजीनं काठी आपटली.

आणि असं म्हणतात, डोंगर खरंच उलटा झाला. फुलं मातीत गेली, मुळं वर आली. कुठे फोडशीची पांढरी बोटं, कुठे कळलावीचे नांगरासारखे वाकडे कंद. आणि बायकांनी पाला कापला होता तिथे कांदेच कांदे! बायजाच्या हातातला घास गळून पडला. अख्खी पंगत उठली.

"बघितलंत ना? जा गं आता आत, उघड्यावर काय बसलात!" आजी मुळांवरही खेकसली, तसा डोंगर मुकाट्यानं सरळ झाला. मग ती बायजाला पोटाशी धरून रडत बसली, आणि रडता रडताही तिच्या शिव्या चालूच होत्या.

आजी गेली, त्या श्रावणात पंगतीत कुणीच ओरडलं नाही. भाजी चांगली होती, पण कुणाला घास गिळवेना. शेवटी बायजाच उठून ओरडली.

आजही कुडवलीत फोडशी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पानं वाढून झाली की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई उभी राहते आणि खच्चून ओरडते, "मूळ बघितलं का, मेल्यांनो?"

"बघितलं गं, ठकूआजी!" सगळं गाव म्हणतं. तोवर एकही पोर घासाला हात लावत नाही.