पाडव्यानंतर माझ्याकडून व्हायचं नाही

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरू आणि त्यांची शिष्या राहत होती. दृष्टांतातला गुरू वडाखाली बसलेला असतो, हे मला ठाऊक आहे. पण आमचे हे गुरू रक्तपेढीच्या मागच्या खोलीत संगणकासमोर बसत. नाक मुरडू नका. ज्ञानाला जिथे खुर्ची मिळते तिथे ते बसते.

त्यांचे नाव नीळकंठराव. सगळे त्यांना काका म्हणत. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी रुबी नावाच्या संगणकभाषेत रक्तपेढीसाठी एक अ‍ॅप्लिकेशन लिहिले होते. कोणत्या दात्याने कधी रक्त दिले, तो पुन्हा कधी देऊ शकेल, आज कुणाला निरोप पाठवायचा, हे सारे ते पाहत असे. तालुक्यात थॅलेसेमिया झालेली अकरा मुले होती आणि त्यांना दर तीन आठवड्यांनी रक्त लागे. दात्यांना निरोप गेले नाहीत, तर दोन-तीन दिवसांत एखादे पोर निस्तेज चेहऱ्याने बाहेरच्या बाकावर आईच्या मांडीवर पडलेले दिसे. त्यामुळे ते अ‍ॅप्लिकेशन थांबून चालत नव्हते.

शिष्येचे नाव हेमांगी. आठ महिन्यांपूर्वी ती काकांच्या हाताखाली आली. मुलगी चलाख, कामाला वाघ, फक्त जरा उतावळी. रोज सकाळी लॉग वाचणे हे तिचे पहिले काम. दिवसभरात आपण काय काय केले ते अ‍ॅप्लिकेशन एका फाइलमध्ये लिहून ठेवते, तिला लॉग म्हणतात. त्यात दोन तऱ्हांचे बोलणे असते. एक चूक: ‘हे काम मला जमले नाही.’ दुसरी पूर्वसूचना: ‘काम केले आहे; पण ज्या जुन्या रीतीने केले, ती रीत भाषेच्या पुढच्या आवृत्तीत नसेल. तिच्याऐवजी अमुक रीत वापरा.’

चुका दिवसाला चार-पाच. पूर्वसूचना चार हजार! रोज त्याच, रोज तितक्याच. रोज मरे त्याला कोण रडे? एका बुधवारी त्या गर्दीत एक खरी चूक हेमांगीच्या नजरेतून सुटली आणि वीस दात्यांना निरोप गेलेच नाहीत. दुपारी ते ध्यानात आल्यावर तिने एकेकाला फोन लावला. रक्त मिळाले, पण फोन ठेवल्यावर पोरगी ओक्साबोक्शी रडली. संध्याकाळी तिने एक ओळ लिहून सगळ्या पूर्वसूचना बंद करून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी ती कौतुकाने म्हणाली, “बघा काका, लॉग कसा लख्ख झालाय! आता चूक झाली की लगेच दिसणार.”

काकांनी मान जरा तिरकी करून पडद्याकडे पाहिले. “पूर्वसूचना काढल्यास वाटतं?”

“नुसती कटकट हो. काम तर होतच होतं ना?”

“होतच होतं,” काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्यानंतर काकांचे वागणे काहीसे विचित्र झाले. हेमांगीने काही विचारले की ते नीट उत्तर देत, आणि शेवटी म्हणत, “हे पाडव्यानंतर माझ्याकडून व्हायचं नाही हं. निळ्या वहीत लिहून ठेवलंय, तिथं बघत जा.” रक्तपेढीच्या तंत्रज्ञांनी दात्यांची यादी मागितली, यादी मिळे, आणि पाठोपाठ, “पाडव्यानंतर हेमांगीला सांगा.” दिवसातून दहा-दहा वेळा तेच. लोक हसू लागले. साठी बुद्धी नाठी, असेही कुणी हळूच म्हणाले. काकांनी निवृत्तीच्या गोष्टी याआधीही दोन-तीनदा केल्या होत्या, आणि दर वेळी सोमवारी ते आपले हजर!

पंधरा दिवसांनी हेमांगीचा संयम संपला. “काका, पाया पडते, नुसतं उत्तर द्या. त्याला ते पाडव्याचं शेपूट नको.”

“बरं,” काका म्हणाले. त्या दिवसापासून ते नुसते उत्तर देऊ लागले. खोलीत मोठी शांतता झाली आणि हेमांगीला ती आवडली, हे मी लपवणार नाही.

मग फाल्गुनात, एका गुरुवारी, ज्या कंपनीच्या यंत्रावर हे अ‍ॅप्लिकेशन चाले तिचे पत्र आले. जुनी रुबी सोमवारपासून बंद, पुढे फक्त नवी. हेमांगीने नव्या आवृत्तीवर ते चालवून पाहिले. क्षणात कोसळले. दात्याची पुढची तारीख काढण्याची जुनी रीत नव्या भाषेत उरलीच नव्हती. एक जागा दुरुस्त करावी, तर दुसरीकडून पडे. सोमवारी निरोप जाणार नव्हते, आणि मंगळवारी तीन मुलांची पाळी होती.

ती पडदा काकांकडे वळवून म्हणाली, “काका, हा हिशेब तुम्हीच लिहिलाय. इथं काय करायचं, सांगा ना.”

काका पडद्याकडे झुकले. आणखी झुकले. मग मागे टेकून बसले आणि काहीच बोलले नाहीत.

“काका?”

हेमांगीचा चेहरा आधी लाल झाला, मग एकाएकी उजळला. “अस्सं होय! कळलं मला. मी पूर्वसूचना बंद केल्या म्हणून तुम्ही मला धडा शिकवत होतात. तुम्हीच पूर्वसूचना झालात, मी तुम्हालाही गप्प केलं, आणि आता तुम्ही बंद पडल्याचं सोंग करताय. मानलं तुम्हाला! चुकले मी. पण आता सांगा हो, पोरांचा प्रश्न आहे.”

काका हसले. पण ते हसू काही नीट उमटले नाही.

“अगं वेडाबाई, मी कुठला एवढा हुशार? धडा कसला नि सोंग कसलं! मला हे दिसतच नाहीये. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, म्हणून चालता येतं, कुणाला पत्ता लागत नाही. समोरचं मात्र पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले होते, पाडव्यापर्यंत कसंबसं वाचता येईल. ते जरा लवकरच झालं.”

काका पुढे बोलले, अगदी मायेने.

“पडलेला माणूस ओरडतो, ते साऱ्या गावाला ऐकू जातं. पण जो अजून उभा आहे, सांगितलेलं काम करतोय आणि करता करता म्हणतोय की बाबांनो, फार दिवस जमायचं नाही, त्याचं कोण ऐकतं? काम झालेलं असतं ना! रुबीतली ती सूचना ज्यानं लिहिली, तो तुला-मला ओळखतसुद्धा नाही. तरी जाण्याआधी सांगतोय, आणि माझ्यानंतर कुणाकडे जा तेही सांगतोय. याहून माया काय असते? तू गोंगाटाला कंटाळलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण त्याला घराबाहेर काढायचं नव्हतं, दुसऱ्या खोलीत बसवायचं होतं. आणि मी तरी दहादा का सांगत होतो? एकदा सांगून माझंच मन मानत नव्हतं गं.”

हेमांगी रडली नाही. तिने खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली आणि विचारले, “कधीपासून, काका?”

“दिवाळीपासून. घरचे म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टर सोडले तर ‘कधीपासून’ असं तूच पहिल्यांदा विचारलंस.”

मग तिने पूर्वसूचना पुन्हा चालू केल्या. या वेळी चुकांच्या फाइलमध्ये नाही, त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये. सारख्या ओळी एकत्र केल्या, आणि पाहते तो काय, चार हजार ओळी, पण बोलणी अवघी नऊ! नऊच गोष्टी कोणीतरी कितीतरी महिने विनवून सांगत होते. तीन दिवस ती एकेक सूचना मोठ्याने वाची, काका डोळे मिटून ती रीत कुठे कशासाठी वापरली ते सांगत, आणि आठवले नाही तर हेमांगी निळ्या वहीत बघे. प्रत्येक सूचनेतच पुढची वाट लिहिलेली होती.

सोमवारी सकाळी नव्या रुबीवर पहिले निरोप गेले. दहाच्या सुमारास एक दाता बाही सारत दारात उभा राहिला. मंगळवारी तिन्ही मुलांना रक्त मिळाले, आणि त्यातले एक तर परत जाताना बाकावर उड्या मारत होते.

“चला, माझं काम झालं,” काका म्हणाले.

“डॉक्टरांकडे पुढची तारीख कधीची?” हेमांगीने विचारले.

“उद्याची. रिक्षानं जाईन मी, त्यात काय?”

“मी येते बरोबर. डॉक्टर काय काय म्हणतात ते सगळं ऐकायचंय मला.”

काकांनी हात पुढे केला, पण समोरचे दिसत नसल्यामुळे तो तिच्या हाताच्या बाजूने निघून चालला. हेमांगीने तो मध्येच धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणीतरी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता म्हणत असेल, ‘आता पूर्वीसारखं होत नाही रे’. कप हातात आला म्हणून पुढे जाऊ नका, जरा थांबा आणि ‘कधीपासून?’ एवढे विचारा.