मालनबाईंची खुर्ची

माझी शाळा सहावीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मोठे शब्द मला येत नाहीत, म्हणून गोष्ट साध्या शब्दांत सांगतो.

एक शहर होतं. तिथे सिनेमे तयार होत आणि दरवर्षी त्यांचा बक्षीस समारंभ होई. सुरुवातीला हा समारंभ अगदी साधा होता. एका थिएटरात दुपारचा खेळ बंद ठेवून तो व्हायचा. एक वयस्कर नट माईकपुढे उभा राहून नावं वाचायचा. ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांचीही नावं तो वाचायचा, आणि त्यांच्यासाठीही टाळ्या वाजायच्या. लोक जांभया देत, पण कुणी मन दुखावून घरी जात नसे.

तो नट वारला आणि श्रीरंग दाभोळे निवेदक झाला. श्रीरंगची जीभ चपळ होती. पहिल्या वर्षी त्याने स्वतःच्या टकलाची थट्टा केली. सभागृह हसलं. जांभया थांबल्या. पुढे टीव्हीवाले आले, मोठं सभागृह आलं, आणि लोक समारंभाआधीच विचारू लागले, यंदा श्रीरंग काय बोलणार?

टकलावर किती वर्षं हसवणार? मग त्याने मोठ्या नटांची थट्टा सुरू केली. ते त्याला जागच्या जागी उलट टोला द्यायचे आणि लोक आणखी हसायचे. काही वर्षांनी मोठ्या नटांनी संयोजकांना निरोप धाडला, की आमचं नाव घेतलं तर आम्ही येणार नाही. तेव्हा श्रीरंग मागच्या रांगांकडे वळला. तिथे कपडे शिवणारे, दिवे लावणारे, आवाज टिपणारे बसायचे. त्यांच्याकडून निरोप येणार नव्हता.

मागच्या रांगेत मालनबाई बसायच्या. चाळीस वर्षं त्या सिनेमाचे कपडे शिवत होत्या. सात वेळा त्यांचं नाव शेवटच्या चारांत आलं होतं आणि सातही वेळा बक्षीस दुसऱ्याला गेलं होतं. यंदा पुन्हा नाव आलं. आता त्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं, म्हणून यंदा त्या काम सोडणार होत्या.

बक्षिसाचा त्यांना फार मोह नव्हता. पण बक्षीस घेणाऱ्याला माईकवर पाऊण मिनिट बोलता येई. मालनबाईंच्या कारखान्यात चार बायका काजं-बटणं आणि तुरपाई करत. पंचवीस वर्षांत त्यांची नावं एकाही सिनेमाच्या नावांच्या पाटीवर आली नव्हती. ती चार नावं मालनबाईंना एकदा सगळ्यांसमोर घ्यायची होती.

निघताना चौघींनी विचारलं, "मालनताई, यंदा तरी देतील का हो?"

"देतील. नाहीतर वडा आणि चहा देतील," मालनबाई म्हणाल्या. "तुम्ही टीव्ही लावून बसा."

तिकडे सभागृहात श्रीरंग आरशासमोर बसला होता. तोंडाला रंग लावून घेता घेता त्याने आपल्या कागदावरची पहिली थट्टा वाचून दाखवली. त्याला रंग लावणारे दाजी जुने गृहस्थ होते. त्यांचा हात थांबला.

"मालनबाईंचं तेवढं काढा, श्रीरंगराव. त्यांना उलट बोलता येत नाही."

"म्हणून तर घेतलंय."

"मनाला लागेल त्यांच्या."

"अहो, हसतील त्या. समोर कॅमेरा असला की सगळेच हसतात."

दाजी पुन्हा रंग लावू लागले. श्रीरंगने पेन हातात घेतलं, त्या ओळीवर टेकवलं, क्षणभर तसंच धरलं आणि पुन्हा खिशाला लावलं. ती ओळ त्याला फार आवडली होती.

समारंभ सुरू झाला. श्रीरंग मंचावर आला आणि म्हणाला, "मालनबाई आठव्यांदा आल्या आहेत. ताई, बक्षीस काही मिळत नाही. आता ती खुर्ची तरी घरी घेऊन जा."

सभागृह पोट फुटेस्तोवर हसलं. कॅमेरा वळला. मोठ्या पडद्यावर मालनबाईंचा चेहरा दिसला आणि त्या खरोखरच हसत होत्या. कॅमेरा पुढे गेल्यावर त्यांनी पिशवी उचलली आणि शेजाऱ्यांचे गुडघे चुकवत बाहेर पडल्या.

दारावरचा रखवालदार म्हणाला, "मावशी, तुमचं बक्षीस अजून व्हायचंय."

"माझं झालं की रे," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्या समारंभात एक नियम होता. टीव्हीवर रिकामी खुर्ची वाईट दिसते, म्हणून कुणी उठून गेलं की संयोजक तिथे दुसऱ्या कुणाला तरी आणून बसवत. त्यासाठी कॉलेजातली मुलं-मुली नटून-थटून बाजूला तयार असत. हा नियम श्रीरंगनेच घालून दिला होता. मालनबाईंच्या खुर्चीवर एक वीस वर्षांची मुलगी येऊन बसली.

अर्ध्या तासाने कपड्यांच्या बक्षिसाची पाळी आली. श्रीरंगने चार नावं वाचली आणि पाकीट फोडलं. आत मालनबाईंचं नाव होतं.

त्याने ते वाचलं. कॅमेरा त्या खुर्चीवर गेला. पडद्यावर एक भेदरलेली मुलगी दिसली, तोंडावर हात धरलेली. लोकांना वाटलं, ही श्रीरंगची आणखी एक थट्टा आहे. ते पुन्हा खदखदून हसले.

"मालनबाई आहेत का?" श्रीरंगने विचारलं. लोक आणखीच हसले. "मी खरं विचारतोय," तो म्हणाला. तेव्हा तर काहींनी शिट्ट्या मारल्या.

मंचासमोरच्या घड्याळात पाऊण मिनिट उलटं मोजलं जात होतं. हळूहळू हसू थांबलं. पाऊण मिनिट संपलं. त्याने बक्षीस उचलून बाजूला ठेवलं आणि पुढचं नाव वाचलं. कारखान्यात चौघींनी टीव्ही बंद केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी श्रीरंग बक्षीस घेऊन मालनबाईंच्या कारखान्यात गेला. त्यांनी त्याला स्टूल दिलं, चहा दिला. चौघी तिथेच काम करत होत्या. कुणीच मान वर केली नाही.

"ताई, माझं चुकलं," श्रीरंग म्हणाला.

"चहा घ्या. निवतोय."

"तुम्ही तिथे काय बोलणार होता?"

मालनबाईंनी चौघींकडे पाहिलं. "ह्यांची नावं घेणार होते. बाकी काय बोलणार मी?"

श्रीरंगने घाईने खिशातून कागद काढला. "मला सांगा ती नावं. पुढच्या वर्षी सगळ्यात आधी मी तीच घेईन."

"नको," मालनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्या तोंडून नाव आलं की लोकांना हसायची सवय लागलीय. ह्यांच्या नावालाही हसतील."

श्रीरंगने कागदाची घडी घातली. चहा तसाच राहिला. तो गेल्यावर चौघींतल्या एकीने बक्षीस उचललं, कापडाच्या ठाणांमागे ठेवलं आणि पुन्हा कामाला बसली.

तात्पर्य: ज्याला उलट बोलता येत नाही त्याची चारचौघांत थट्टा करू नये. हसू सगळ्या गावभर जातं, माफी मात्र एकाच घरापर्यंत पोहोचते, आणि तीही उशिरा.

मी एका गॅरेजात काम करतो. तिथे सोपान नावाचा माणूस आहे. त्याच्या चालण्यावरून आम्ही त्याला एक नाव ठेवलं आहे आणि सगळे त्याच नावाने हाक मारतात. ते नाव मी ठेवलं होतं. ही गोष्ट लिहून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो आणि त्याला "सोपानदादा" अशी हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही. त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत. मी जवळ गेलो आणि पुन्हा हाक मारली.