दमलेल्या कोंडिबाचा रेटा

फार वर्षं झाली. चिरेखिंडीच्या वर, जिथं वाऱ्यानं झाडंसुद्धा वाकून वाढतात, त्या माळावर धनगरांची एक वाडी होती. अजून आहे. तिथं कोंडिबा ढेबे जन्मला. त्याचे खांदे एवढे रुंद होते, की बाळंतपण करता करता ठकू सुईणीला घाम फुटला, असं म्हणतात.

वयात आल्यावर तो पलटणीत भरती झाला, आणि तिथं त्याला रग्बी भेटली. तिचा चेंडू गोल नसतो, सोललेल्या नारळासारखा लांबट असतो. तो उराशी धरून पुढं पळायचं, पण फेकायचा तो मागच्याकडंच. मध्येच दोन्हीकडचे गडी वाकून खांद्यात खांदे अडकवतात आणि एकमेकांना रेटतात. रेटण्यात कोंडिबाला जोड नव्हती. देशाकडून तो समुद्रापार खेळला. एकदा त्यानं रेटा दिला तेव्हा समोरच्या संघाबरोबर मैदानातले खांबही सरकले, असं म्हणतात.

पण रेटणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तुझं कसं चाललंय? खांदा निखळला, बसवला, पुन्हा खेळला. गुडघे सुजले, पट्टी बांधली, पुन्हा खेळला. तू आहेस तर काळजी नाही, असं प्रत्येक कप्तान म्हणायचा, आणि ते ऐकून हा उठायचा. शेवटी उठवेनासं झालं, तेव्हा पलटणीनं त्याला घरी धाडलं.

वाडीवर येऊन तो खोपटापुढच्या दगडावर बसला तो बसलाच. शेळ्या अंगाला घासून जायच्या, तरी हलायचा नाही. माळावरची पोरंपोरी यायची, खेळ शिकवा म्हणायची. तो नुसती मान हलवून नाही म्हणायचा. बायजा आखाडे नावाची एक दांडगी पोर मात्र रोज समोर येऊन बसायची आणि काहीच मागायची नाही. एक दिवस त्यानंच विचारलं, "तुला काय पायजे?"

"काय न्हाई, मामा. खिंडीखालनं पाणी आणून दमलेय. हितं बसलं की बरं वाटतं."

कोंडिबानं दगडावर सरकून तिला जागा करून दिली. दुसऱ्या दिवसापासून तो शिकवायला लागला.

त्याचं शिकवणंही अजब. बसूनच शिकवायचा. आधी पळणं नाही, रेटणंही नाही. आधी शिकवलं ते हात वर करून 'दमलो' म्हणायला. जो लपवेल त्याला बाहेर बसवायचा. म्हातारी माणसं हसली, धनगराच्या पोरांना दमायला शिकवतोय म्हणाली. त्याची पोरं तालुक्याला जाऊन खेळली. जिंकली थोडी, हरली फार. परत आली की तो एवढंच विचारायचा, कुणी लपवून खेळलं का?

मग एका पावसाळ्यात ठकू सुईण घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं, अंगात ताप भरला. मला हितंच राहू द्या, माझं झालंय आता, असं ती म्हणत होती. पण माळावरचं एकूणएक माणूस तिच्या हातांवर जन्मलेलं. पोरांनी तिला डोलीत घातलं आणि दवाखान्यासाठी खिंड उतरायला सुरुवात केली. कोंडिबा लंगडत मागून गेला.

मधल्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. पाणी लाल, दगड गडगडत नेणारं. कोंडिबानं क्षणभर बघितलं, मग आत उतरला आणि वरून येणाऱ्या पाण्याकडं तोंड करून वाकला. पोरांना सांगावं लागलं नाही. त्याच्या दोन्ही अंगांना खांदे भिडले. त्यांच्या आडोशानं बाकीचे डोली नेऊ लागले. पाणी रेटत होतं, हे रेटत होते, आणि ओढा हातभर मागं सरला, असं म्हणतात.

डोली मधोमध आली आणि कोंडिबाचा खांदा निखळला. त्यानं दात आवळले. काठावर बदलीला थांबलेल्या बायजानं ते पाहिलं.

"मामा, लपवू नका."

उभ्या जन्मात कोंडिबा रेट्यातून बाहेर पडला नव्हता. त्यानं धड असलेला हात हळूहळू वर केला.

"दमलो गं, बायजा. लई दमलो."

बायजा पाण्यात शिरली आणि त्याच्या जागी वाकली. रेटा जागचा हलला नाही. डोली पार झाली.

कोंडिबा काठावर चिखलातच आडवा झाला आणि झोपला. एवढा पाऊस कोसळत होता, पण त्याच्या अंगावर थेंब पडला नाही, असं म्हणतात.

ठकू वाचली. काठी टेकत का होईना, पुढं तिनं कितीतरी बाळंतपणं केली. कोंडिबाही पुष्कळ जगला. त्याची घागर आता दुसरे भरून आणायचे, आणि तो आणू द्यायचा.

ओढ्यावर आता सिमेंटचा पूल आहे. पण माळावर अजूनही डोली न्यायची असो, घराचं आढं चढवायचं असो, नाहीतर तिरडी उचलायची असो, वाहणारा दमला की फक्त 'कोंडिबा' म्हणतो. मागचा पुढं होऊन खांदा देतो. किती चाललास, हे त्याला कुणी विचारत नाही.