बेचाळीस सांधे

बंद पडलेले यंत्र चापट मारली की सुरू होते, असे तुम्ही कधी पाहिले आहे का? वैजयंताच्या घरात तर त्या चापटीवरून चांगलाच पेच पडला होता.

एका गावात ही वैजयंता ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावत असे. शिलाई आटोपली की ती दुसरेच काम काढून बसे. जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह जमवायचे, तारा सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, जोडायच्या आणि गाणे मोठ्याने, गोड ऐकू येईल अशी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी बांधायची, हा तिचा छंद. तालुक्याला रेडिओ दुरुस्त करणारे लतीफचाचा तिचे गुरू. त्यांची शिकवण एकच होती. "सोल्डर ओलं असताना तारेला हात लावू नकोस, फुंकर तर मुळीच घालू नकोस. दहा अंक मोज. सांधा आपला आपण निवतो."

तिचे वडील रावजीआबा एके काळी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. आता दम पुरेना, म्हणून वाद्य फडताळात गेले होते. तरुणपणीच्या वादनाची एकच रेकॉर्ड उरली होती. आबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार, त्या सकाळी बँडमधले जुने सोबती घरी यायचे होते. आबा कसे वाजवत, ते सगळ्यांना पुन्हा ऐकवायचेच, असे वैजयंताने ठरवले. चार महिने खपून तिने बेचाळीस सांध्यांची पेटी उभी केली.

आदल्या दिवशी दुपारी तिने रेकॉर्ड लावून पाहिली. व्हॉल्व्ह तांबूस उजळले. आबांनी डोळे मिटले, त्यांची बोटे मांडीवर हलू लागली. सूर अगदी वर चढला आणि आवाज खरखरून बंद पडला. आबांची बोटे थांबली.

तिच्या नवऱ्याने, उद्धवने, पेटीला एक चापट दिली. आवाज परत आला.

"झालं की. उद्या मी बाजूलाच बसतो. रुसली की एक देतो."

आबा हळूच म्हणाले, "जावईबापू, मी वाजवताना माझ्या पाठीत कुणी बुक्की घालत नव्हतं."

उद्धव हसला. वैजयंता हसली नाही. चूक कुठे झाली ते तिला ठाऊक होते. शेवटच्या आठवड्यात घाई झाली, तेव्हा तिने दहा अंक मोजलेच नव्हते. गरम दुधावर घालावी तशी ती सांध्यांवर फुंकर घालत गेली होती. असे सांधे आतून कच्चे राहतात, धक्का बसला की जुळतात आणि पुन्हा सुटतात.

तिने प्लग काढला, आत साठलेली वीज उतरू दिली आणि पेटी उलटी केली. चांगला सांधा चकचकतो. इथे तीन सांधे राखेसारखे मळकट दिसत होते. ते तिने नव्याने केले. पुन्हा रेकॉर्ड लावली, तर ती शेवटपर्यंत वाजली.

उद्धव म्हणाला, "आता उद्याच्या पुरणाचं बघ. माणसं जेवायला येणार आहेत."

"अहो, हे तीन दिसले म्हणून सापडले. फुंकर किती सांध्यांवर घातली, ते मला आठवत नाही."

"मग?"

"मग सगळे बेचाळीस."

उद्धव कुरकुरत डाळ निवडायला बसला. वैजयंताने पहिल्यापासून सुरुवात केली. जुने सोल्डर वितळवायचे, नवे द्यायचे, हात काढायचा आणि दहा अंक मोजायचे. बोटाला चटका बसला, पाठ भरून आली, पण ती उठली नाही. एकोणतिसावा सांधा वरून छान चकचकीत होता. वितळवण्याआधी तिने तार हलकेच ओढली, तर ती सुटून तिच्या हातात आली.

तिने ती तार उद्धवला नुसती दाखवली. तो सूप बाजूला ठेवून जवळ येऊन बसला आणि पुढचे अंक दोघांनी मिळून मोजले. दिवेलागणीला बेचाळिसावा सांधा निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आबांचे सोबती जमले आणि रेकॉर्ड लागली. वरचा सूर आला, पुढे गेला, आणि आबांची बोटे शेवटपर्यंत हलत राहिली. उद्धव पेटीशेजारीच बसला होता. त्याचा हात मांडीवरून उठला नाही.

तात्पर्य: दिसलेली चूक कुणीही सुधारतो, न दिसलेली चूकही जो चिकाटीने शोधून काढतो, त्याच्याच कामावर भरवसा ठेवता येतो.