शोकाच्या घरी मागितलेली भाकरी

एकदा एक तरुण धर्मसेवक आपल्या वृद्ध पाळकांचा निरोप घ्यायला आला. दूरच्या गावची ख्रिस्ती मंडळी त्याच्या हाती सोपवायची ठरली होती. आधी वर्षभर पाळकबाबांच्या सोबतीने सेवा करावी, असा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह होता. पण नव्या पदवीला जरा ताठा असतोच. तो म्हणाला, "बाबा, ख्रिस्त हाच आपला गुरू. वचन हाती आहे, पवित्र आत्मा सोबत आहे. मग मध्ये आणखी माणूस कशाला?"

"खरं बोललास," पाळकबाबा हसले. "एस.टी.ला अजून अवकाश आहे. वाटेत सगुणाबाईला भेटून जाऊ."

सगुणाबाईचा नवरा नुकताच वारला होता. शेजारणी डबे आणून ठेवत आणि तसेच परत नेत. बाई अन्नाला शिवत नव्हती. तरुणाने पुनरुत्थानाच्या आशेवर सुंदर विवेचन केले. बाई भिंतीकडे पाहत राहिली.

मग पाळकबाबा म्हणाले, "पोरी, मला भूक लागलीय. एक भाकरी टाकतेस का?"

तरुण शरमेने अर्धमेला झाला. दुखवट्याच्या घरी भाकरी मागायची!

"चूल पेटवायचं त्राण न्हाई, बाबा," बाई पुटपुटली.

"मी पेटवतो," म्हणत ते फुंकणी घेऊन बसले आणि धुराने खोकू लागले.

"सरका, बाबा." बाई उठली. पीठ मळताना तिला रडू फुटले. इतक्या दिवसांत ती प्रथमच रडली. बाबांनी भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. तिने ती खाल्ली.

बाहेर पडल्यावर तरुणाने विचारले, "हे कुठे शिकलात?"

बाबा चालता चालता म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा आमच्या जुन्या पाळकांनी वडिलांकडे अशीच भाकरी मागितली. किती राग आला होता मला! पुढे त्यांचीच पिशवी खांद्याला लावून गावोगाव हिंडलो. फार सुखाचे दिवस होते रे ते. आता सांग, मेलेल्यांतून उठल्यावर प्रभूने भेदरलेल्या शिष्यांकडे काय मागितलं?"

तरुणाला ते वचन तोंडपाठ होते. "खायला," तो हळूच म्हणाला.

"मीही ते कितीदा वाचलं होतं. कळलं मात्र त्या म्हाताऱ्याच्या मागून चालताना. गुरू ख्रिस्तच, बाळा. मी त्याच्या जागी बसणारा नव्हे. त्याच्या मागून तुझ्याआधी निघालेला, एवढंच."

फाट्यावर एस.टी. उभी होती. तरुणाने तिच्याकडे पाहिले आणि बाबांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

"आता कुणाच्या घरी जायचं, बाबा?"

पाळकबाबा जाऊन आता बराच काळ लोटला. त्या पंचक्रोशीत मात्र शोकाच्या घरी एक पिकल्या केसांचा पाळक अजून भाकरी मागतो, आणि त्याची पिशवी धरलेला कुणी तरुण शरमेने मान खाली घालतो.