ठकूआत्याची पिचकारी

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या सोनवेळच्या जानाईच्या देवळावर अजून कौलं होती तेव्हाची ही गोष्ट. बसा, मांडी घालून बसा. मी या गावात सून म्हणून आले त्या वर्षी सासूबाईंनी मला सांगितली, आणि सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. का, ते कळेलच.

तेव्हा सोनवेळच्या प्रत्येक परसात शेवंती असायची. कवडीएवढं पिवळंधमक फूल, असं फूल पंचक्रोशीत दुसरीकडे नव्हतं. दसऱ्याला जानाईच्या गळ्यात त्याचीच माळ पडायची. त्या शेवंतीची राखण करायची ठकूआत्या.

ठकूआत्या कुणाची सख्खी आत्या नव्हती. तरुणपणी नवरा गेला, ती दूर एका पानमळ्यात राबायला गेली आणि तिथून एक विद्या शिकून परतली. एका मडक्यात मोरचूद भिजवायची, दुसऱ्यात चुन्याची निवळी करायची आणि दोन्ही मिळून तिसऱ्या मडक्यात ओतायची. मग त्यात लख्ख घासलेला विळा बुडवायची. विळ्यावर तांबूस रंग चढला तर म्हणायची, "अजून जहाल हाय, पान जाळंल," आणि आणखी चुना घालायची. औषध फडक्यातून गाळायचं, त्याच दिवशी संपवायचं. दव सुकलं की निघायचं, वारा सुटायच्या आत परतायचं. हात कोपरापर्यंत निळे. असं म्हणतात, की ती अंघोळ करून आली तरी ओढ्याचं पाणी निळं वाहायचं.

तिची पितळी पिचकारी तांबटाकडून मुद्दाम वाकडी करून घेतलेली, तोंड वर वळवलेलं. औषध ती पानाच्या वर मारायचीच, पण त्याआधी पानाच्या पाठीवर, खालून. शेवंती ती केवढी, गुडघ्याएवढी! म्हणून ठकूआत्या सरळ चिखलात उताणी पडायची. लोक हसायचे. "ठकू आभाळाला पाणी घालतीया!" तीही हसायची. "चोर मागल्या दारानं येतो बाबांनो," म्हणायची. असं म्हणतात, की ती वाफ्यात शिरली की पानं आपणहून उलटी व्हायची.

आणि ती यायची कधी? रोग दिसायच्या आधी. एक डागही नसताना. लोकांना ते पटायचं नाही. अंगाला खाज नाही तर औषध कशाला, असं त्यांचं म्हणणं. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं ती! पण शेवंती फुलायची, म्हणून गप्प बसायची.

आता आमच्या गावाची एक रीत होती. घट बसायच्या आदल्या सांजेला शेवंतीला न्हाण घालायचं. देवीच्या टाक्यातलं पाणी कळशी कळशीनं झाडाच्या डोक्यावरून ओतायचं आणि पानं ओल्या फडक्यानं पुसून लख्ख करायची. पहिल्या कळशीचा मान भागीरथीचा. भागीरथी म्हणजे आमच्याच घरातली, माझ्या सासऱ्यांची आजी. दरवर्षी न्हाणात औषध धुऊन जायचं, आणि ठकूआत्या कुरकुर न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायची.

पण त्या वर्षी पाऊस परतायचं नाव घेईना. पलीकडच्या गावात शेवंतीची पानं काळी पडून गळाली होती. नदी फुगलेली, बाजार पलीकडे, आणि ठकूआत्याच्या घरात मोरचूद उरलेला मूठभर. न्हाणाच्या सांजेला ती आमच्या परसाच्या फाटकात उभी राहिली.

"भागूवैनी, औंदा पानी मुळाशी घाला. पानं भिजवू नगा. रातभर वली ऱ्हायली तर जातील."

भागीरथी कळशी घेऊनच उभी होती. सगळ्या बायका बघत होत्या. "देवीच्या न्हानाला तू आडवी येनार व्हय? तुज्या निळ्या डागाची फुलं घालू का आईच्या गळ्यात?"

"वैनी, पाया पडते."

भागीरथीनं फाटक लावलं, आतून कडी घातली आणि पहिली कळशी ओतली. मग सगळ्या गावानं ओतली.

तीन दिवस ऊन पडलं नाही. चौथ्या दिवशी पानांच्या पाठीवर डाग आले, सहाव्या दिवशी परसंच्या परसं काळी पडली. मग धावाधाव झाली, पण लागलेल्या रोगाला ठकूआत्याचं औषध काय करणार? ते राखण करायचं, मेलेलं उठवायचं नाही.

त्या सहाव्या सकाळी भागीरथी भरलेली कळशी घेऊन परसात आली तर फाटकाची कडी तशीच, कुंपणाला भगदाड, आणि वळचणीच्या कोपऱ्यात ठकूआत्या उताणी पडलेली. तिथं शेवंतीचं सगळ्यात जुनं खोड होतं. गावातली रोपं त्याच्याच फुटव्यांची. त्याला अजून डाग नव्हता. मूठभर मोरचुदाचं औषध ती त्याच्या पानापानाच्या पाठीवर मारत होती आणि वरून थेंब तिच्या डोळ्यांत पडत होते. डोळे लाल झाले होते. ज्या घरानं कडी घातली, तिथंच तिनं शेवटची मूठ ओतली.

"वैनी, येवड्या खोडाला न्हाऊ घालू नगा," ती म्हणाली. "धा दिसांनी परत मारावं लागंल. मी मोरचूद घिऊन येते."

भागीरथीला बोलायचं होतं. तिनं नुसती फाटकाची कडी काढली. ठकूआत्या डोळे चोळत नदीकडे गेली.

ती परत आली नाही. असं म्हणतात, की नदी त्या दिवशी पलीकडच्या काठापर्यंत निळी झाली होती. कुणी म्हणतं ती पार झाली, कुणी म्हणतं नाही. तिची वाकडी पिचकारी मात्र आमच्या कुंपणाशी सापडली.

त्या दसऱ्याला जानाईचा गळा मोकळा राहिला. कोपऱ्यातलं एक खोड तेवढं जगलं. आज गावभर दिसते ती शेवंती त्याचीच. भागीरथीनं पुढं मरेपर्यंत फाटकाला कडी घातली नाही. कुत्रं शिरलं तरी विचारायची, "ठकूवन्सं आल्या का?"

आता सोनवेळला न्हाण सकाळी होतं, तेही मुळाशी. त्याच्या पंधरा दिवस आधी, पानावर डाग नसताना, गाव औषध मारतं. त्या दिवशी कुठल्याच फाटकाला कडी नसते. प्रत्येक जण एक पान उलटून म्हणतो, "ठकूआत्या, दार उघडं हाय." आणि पहिली पिचकारी आमच्या कोपऱ्यात, आमच्या घरच्या सुनेनं मारायची. चिखलात उताणं पडून.

मीही पडले आहे, बावीस वर्षं. डोळ्यांवर पदर घेते, तरी एखादा थेंब जातोच, आणि फार झोंबतं. दरवर्षी वाटतं, त्या सकाळी भागीरथीनं निदान तिचे डोळे तरी धुवायला हवे होते. पाण्यानं भरलेली कळशी तिच्या हाताशीच होती.