आवडाईचा बिनफोडणीचा नवस

वेळणखोलला याल तेव्हा भाताच्या बांधांवर चुंच दिसेल. हातभर वाढणारी, दातेरी पानांची ही रानभाजी इतर गावांत तण म्हणून उपटून गुरांपुढे टाकतात. आमच्याकडे बेणणी करणारी बाई तिच्याभोवतीचे सगळे गवत काढते आणि चुंच तेवढी राखते.

पाहुणे मात्र बांधाकडे बघत नाहीत. ते धक्क्यावरच्या दुकानातून 'मिसरी मसाला' लिहिलेली पाकिटे घेतात, त्या पाकिटांत काय असते ते देवीलाच ठाऊक, आणि मग गावदेवीच्या पारावर बसलेल्या शेवंताआतेला विचारतात, "आजी, तुमच्या त्या मिसरी भाजीत लसणीच्या पाकळ्या किती?"

शेवंताआते ऐंशीच्या पुढची. हा प्रश्न ऐकला की ती कपाळाला हात लावते. "पाकळ्या मोजायला एवढ्या लांब आलात? बसा. आधी ऐका, मग लसूण सोला."

ती सांगते ते असे.

गलबतांचे दिवस होते. खाडीच्या तोंडाशी धाकू तांडेलाचे घर होते. धाकूने उभा जन्म गलबत हाकले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तो घरी बसला आणि त्याच्या जागी त्याचा एकुलता एक मुलगा हरबा मिसरच्या वाटेला, म्हणजे इजिप्तकडे, माल घेऊन गेला. घरी उरले धाकू आणि त्याची बायको आवडाई. सुगरण म्हणून आवडाईचे नाव पाच गावांत होते आणि ते तिला पुरेपूर ठाऊक होते.

त्या वैशाखात एक परके गलबत पाणी भरायला थांबले. जाताना खलाशांनी तापाने फणफणलेला एक माणूस धक्क्यावर उतरवला आणि ते निघून गेले. माणूस मिसरचा होता. नाव अवाद. आवडाईने त्याला घरी आणले. ताप आठ दिवसांत उतरला, पण अवाद जेवेना. त्याला आपल्या भाषेतले दोनच शब्द येत, 'पाणी' आणि 'नको'. दुसरा तो फार वापरी.

आमच्या किनाऱ्यावर एक समजूत होती. दर्यावरून आलेला पाहुणा ज्या घरातून उपाशी जातो, त्या घरचे माणूस दर्या परत देत नाही. आवडाईचे माणूस दर्यावर होते. अवादच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या तशी ती गावदेवीपुढे गेली आणि चार माणसांदेखत बोलली, "पाहुणा पोटभर जेवेपर्यंत माझ्या चुलीवर फोडणी पडणार नाही."

कोकणातल्या बाईने फोडणी सोडायची म्हणजे काय, हे जिने सोडली तिलाच कळावे. आमटी नुसती उकडलेली, भाजी नुसती शिजवलेली. चौथ्या दिवशी धाकूने वाटी उचलून उजेडात धरली.

"ही आमटी आहे, की माझ्या आंघोळीचं पाणी?"

"नवस आहे."

"नवस तू बोललीस. मी काय बोललो होतो?"

"तुम्हाला बोलायला येतं, हेच माझं नशीब," आवडाई म्हणाली. "गिळा."

मग तिने ठरवले, आपले अन्न याला चालत नाही तर याचे याला करून घालावे. अवादने खुणांनी धणे, जिरे आणि तीळ दाखवले, भाजायची खूण केली, वर मीठ. आवडाईला वाटले, हे तर मेतकूटच. तिने सगळे भाजून जात्यावर पिठासारखे मऊ दळले. अवादने त्यावर फुंकर मारली. पीठ उडाले. "नको."

"अरे, नको तर कसं हवं? तोंड दिलंय ना देवाने?"

त्याने उठून मुसळ उखळात तीनदा आपटले आणि थांबला. म्हणजे भरड हवे, दाताखाली यायला हवे. आवडाईने पुन्हा भाजले, पुन्हा कांडले. भाकरीचा तुकडा कच्च्या तेलात बुडवून त्या भरडीत टेकवायचा, हे त्याने दाखवले. तो स्वतः एक घास खाऊन समुद्राकडे बघत बसला. उरलेले धाकूने संपवले. आज गावात भाकरीबरोबर चटणीऐवजी जे खातात ते हेच. त्याला आम्ही दुक्का म्हणतो. मिसरी लोकही तसेच म्हणतात म्हणे.

पुढे तिने वाल भिजवून, मडक्यात भरून, विझत्या राखेत दिवसभर पुरले आणि मऊ झाल्यावर लिंबू पिळून, जिरे घालून पुढे ठेवले. अवादने दोन दाणे खाल्ले. दोन. आवडाईने उरलेले मडके अंगणात नेऊन असे आपटले की शेजारीण धावत आली.

आषाढात बांध हिरवे झाले. एके सकाळी अवाद भिंत धरून उठला, बांधापर्यंत गेला आणि मूठभर चुंच घेऊन आला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत काही हलले. आवडाईने पाने हातात घेतली. "हे? हे आमची म्हैसपण नाक मुरडून खाते." पण तिने ती घेतली. पाने खुडून विळीवर चिरली. त्याने खूण केली, अजून बारीक. आणखी बारीक केली, तरी अजून बारीक. शेवटी त्यांचा हिरवा, तार येणारा लगदा झाला. तो कोंबडीच्या रश्शात सोडून तिने वाटी पुढे केली. अवादने चाखली, डोळे मिटले आणि वाटी हळूच बाजूला सरकवली.

सहा दिवस असेच झाले. सातव्या दिवशी अवादने आढ्याला टांगलेल्या लसणीच्या जुडीकडे बोट केले, मग धण्यांच्या डब्याकडे, मग तुपाच्या लोटीकडे. मूठ उचलून त्याने भांड्यावर ओतल्यासारखी केली आणि तोंडाने 'चर्र' असा आवाज काढला.

आवडाई जिथे होती तिथेच बसली. त्याला फोडणी हवी होती. आणि तो जेवल्याशिवाय फोडणी नव्हती.

ती देवळात गेली. गुरवाने देवीच्या अंगावर कौलाची फुले लावली. नवस मोडायचा तर उजवे फूल पडेल, पाळायचा तर डावे. दुपार टळली, पण एकही फूल पडले नाही.

"देवीची मर्जी दिसत नाही," गुरव म्हणाला.

"मर्जी नाही, की वेळ नाही?" आवडाई ताडकन उठली. "देवी गप्प, मिसरी गप्प. माझ्या घरात बोलतो तो फक्त नवरा, आणि तोही आमटीबद्दल!"

नवस मोडला तर देवीचा कोप हरबावर. पाहुणा उपाशी मेला तर दर्याचा कोप हरबावर. दोन्हीकडे पोरगाच. आणि घरी तो माणूस आता पाणीही नको म्हणू लागला होता.

असे सांगतात की आवडाईने घरी येऊन चूल पेटवली. भाजी पुन्हा रटरटू लागली. दुसऱ्या बाजूला लोखंडी पळीत तूप तापवले, ठेचलेली लसूण टाकली, ती तांबूस झाल्यावर कुटलेले धणे. अडीच महिन्यांनी त्या घरात तो वास उठला. ओसरीवर धाकू उठून उभा राहिला, पण आत येण्याचे धाडस त्याला झाले नाही. आवडाईने पळी भांड्यावर धरली. हात थांबला. मग तिने ती कलती केली, आणि चर्र आवाज उठला त्या क्षणी हरबा डोळ्यांपुढे येऊन तिचा श्वास एकदम, मोठ्याने, आत ओढला गेला. बुडणारे माणूस घेते तसा.

भिंतीशी पडलेल्या अवादने मान उचलली.

"उम्मी," तो म्हणाला.

त्याने ती भाजी भाकरीशी खाल्ली, मग भाताशी, मग नुसतीच प्यायली. पुढे भाषा आल्यावर त्याने सांगितले, म्हणे, की उम्मी म्हणजे आई, आणि त्याची आई या भाजीत फोडणी ओतताना नेमका असाच श्वास ओढत असे. का, ते त्याने कधी विचारले नव्हते. तो श्वास ऐकला की पोरे ताटावर येऊन बसत.

त्याच संध्याकाळी, तो जेवत असतानाच, आवडाई देवळात गेली. "पाहुणा जेवायच्या आधी फोडणी पडली. मी पाडली. याचं काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. पोराकडून घेऊ नकोस." त्या दिवसापासून तिने स्वतःच्या वाट्याचे अन्न फोडणीआधी बाजूला काढायला सुरुवात केली.

भाद्रपदात हरबा आला. गलबत धक्क्याला लागले तेव्हा आवडाई ओल्या वाळूतून गुडघाभर पाण्यात गेली होती. त्या रात्रीच्या पंगतीत गुरवाने स्वतः तिच्या ताटात फोडणीची आमटी वाढली. "घे आवडाई. देवी प्रसन्न झाली."

तिने वाटी हरबाच्या ताटात ओतली. "देवीने तिचं केलं. माझं मी करते."

पुढे बावीस वर्षे जगली, आणि तशीच जेवली.

इथे शेवंताआते थांबते, आणि हटकून कोणीतरी मोबाइल पुढे धरून म्हणते, "आजी, तो श्वास एकदा करून दाखवा ना." मग ती खरोखर चिडते. "तो काय करून दाखवायचा असतो? उठा, जा, पाकीट आणा आणि त्यालाच सांगा."

आजही वेळणखोलात मिसरी भाजीवर फोडणी ओतताना बाई श्वास आत ओढते. नव्या सुनेला सासू तो शिकवते, आणि सून लाजत, हसत, खोटाखोटा घेते. मग कधीतरी तिच्या घरचे कोणी बोटीवर जाते, आखातात जाते, लांब शिकायला जाते. त्यानंतर तिला तो शिकवावा लागत नाही.